भिंतीवाचून बांध : पृष्ठभागाच्या भिजण्याच्या गुणातून द्रवप्रवाहाला वळण देण्याच्या कल्पनेचा इतिहास

प्रस्तावना

फेब्रुवारी २००१ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात बिन झाओ, जेफ्री मूर आणि डेव्हिड बीब या अमेरिकेतील तीन संशोधकांचा एक छोटा निबंध प्रसिद्ध झाला. केसाच्या जाडीशी तुलना करता येईल अशा सूक्ष्म मार्गिकेतून पाणी सोडले असता, खाली तळ आणि वर छत एवढ्या दोनच भिंती असूनही, ते आखून दिलेल्या पट्ट्यातूनच वाहते आणि दोन्ही बाजूंना मोकळी जागा असून तेथे जात नाही, असे त्यांनी दाखवून दिले. बाजूच्या भिंतींचे काम पृष्ठभागाच्या रासायनिक स्वभावाने केले होते. ज्या पट्ट्याला पाणी भिजवू शकते तो मार्ग, आणि ज्याला भिजवू शकत नाही तो बांध. सूक्ष्मप्रवाही उपकरणांच्या, म्हणजेच मायक्रोफ्लुइडिक्सच्या, अभ्यासात या निबंधाला मोठे स्थान आहे आणि ते योग्यच आहे.

तथापि या विषयाची ओळख करून देताना इतिहासाची सुरुवातही येथूनच, किंवा फार तर १९९० च्या सुमारास, करण्याची प्रथा पडली आहे. ही प्रथा तपासून पाहण्याजोगी आहे. भिजणाऱ्या आणि न भिजणाऱ्या भागांची सीमा हीच द्रवाची भिंत होऊ शकते, ही जाण त्यापूर्वी किमान तीन वेळा, तीन वेगळ्या व्यवसायांत, प्रत्यक्ष वापरात आलेली होती : छापखान्यात, लोकर-उद्योगाच्या प्रयोगशाळेत आणि गाळणकागदावर थेंब टाकून रसायने ओळखणाऱ्या विश्लेषकांच्या टेबलावर. यांपैकी तिसऱ्या ठिकाणी तर ती जवळजवळ आजच्याच रूपात अवतरली होती आणि नंतर अर्धशतकाहून अधिक काळ विस्मरणात गेली. प्रस्तुत निबंधात या विस्मरणाची कारणे शोधण्याचा प्रयत्न केला आहे.

अळवाचे पान आणि स्पर्शकोन

मराठीत क्षणभंगुर गोष्टीला अळवावरचे पाणी म्हणतात. त्या पानावर पाणी पसरत नाही, मोत्यासारखे गोळा होते आणि जराशा कलाने घरंगळून जाते. तेच पाणी स्वच्छ काचेवर टाकले तर पातळ होऊन पसरते. दोन्हीकडचे पाणी एकच असले तरी खालचा पृष्ठभाग निराळा असल्यामुळे हा फरक पडतो. थेंबाची कड जेथे घन पृष्ठभागाला टेकते तेथे जो कोन होतो त्याला स्पर्शकोन म्हणतात. स्वच्छ काचेवर तो शून्याच्या जवळ, पॅराफिन मेणावर सुमारे ११० अंश, तर अळू किंवा कमळ यांच्या पानावर १५० अंशांहून अधिक असतो. नव्वद अंशांच्या आतील पृष्ठभागाला जलस्नेही आणि पलीकडील पृष्ठभागाला जलविरोधी असे स्थूलमानाने म्हटले जाते.

प्रत्येक द्रव व प्रत्येक घन यांच्या जोडीला हा कोन ठरलेला असतो, हे लंडनच्या टॉमस यंग यांनी १८०५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या द्रवांच्या संसक्तीवरील निबंधात मांडले. यंग हे व्यवसायाने वैद्य होते. त्यांनी हा विचार समीकरणांवाचून, शब्दांतच लिहिला. आज त्यांच्या नावाने ओळखले जाणारे सूत्र त्या मजकुरात सूत्ररूपाने आढळत नाही. त्याच सुमारास फ्रान्समध्ये लाप्लास यांनी केशाकर्षणाचे गणित सिद्ध केले. म्हणजे द्रव अरुंद जागेत का चढतो आणि कोठे अडतो, याचे तात्त्विक उत्तर एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच उपलब्ध होते.

येथे मापाचा मुद्दा लक्षात घेणे आवश्यक आहे. एक मिलिमीटर व्यासाच्या स्वच्छ काचनळीत पाणी सुमारे तीन सेंटिमीटर चढते. व्यास त्याच्या एक दशांश केला, तर ते सुमारे तीस सेंटिमीटरपर्यंत चढू शकते. जागा जितकी लहान तितका गुरुत्वाचा अधिकार कमी आणि पृष्ठभागाचा अधिक. ओढ्याला बांध घालायचा तर दगडमातीच लागते. मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढ्या उंचीच्या मार्गिकेत मात्र एका रेणूच्या जाडीचा थर बांधाचे काम करू शकतो. या क्षेत्राचे सारे नवल या प्रमाणाच्या फरकात आहे.

शिळाछाप : नकळत साधलेली पहिली योजना

यंग यांच्या निबंधापूर्वीच म्युनिक येथे आलोइस सेनेफेल्डर या नाटककाराने या तत्त्वावर एक पूर्ण उद्योग उभा केला होता. स्वतःची नाटके स्वस्तात छापण्याच्या खटाटोपात १७९६ ते १७९८ या काळात त्याने शिळाछापाची पद्धत सिद्ध केली. सोल्नहोफेनच्या गुळगुळीत चुनखडीच्या दगडावर तेलकट शाईने अक्षरे काढायची, डिंक व आम्ल यांच्या द्रावणाने दगडावर प्रक्रिया करायची आणि मग त्यावर पाणी फिरवायचे. कोरा भाग पाणी धरून ठेवतो, तेलकट अक्षरे पाणी नाकारतात. त्यानंतर तेलकट शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त अक्षरांना चिकटते. दगडावर उंचवटा नाही की खळगा नाही. सपाट पृष्ठभागावर दोन द्रवांनी आपापली हद्द सांभाळावी, एवढ्यावर सारे छपाईकाम चालते.

महाराष्ट्राच्या मुद्रणेतिहासात या पद्धतीला आगळे महत्त्व आहे. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये मराठी पंचांग छापले ते शिळाछापावरच. पुढे १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या आणि नंतर लोणावळ्याजवळ मळवली येथे गेलेल्या रविवर्म्यांच्या छापखान्यातून देवदेवतांची जी चित्रे घरोघरी पोहोचली तीही शिळाछापाचीच होती. त्या छापखान्यांतील कारागिरांना स्पर्शकोन हा शब्द ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण दगडावर पाणी किती राहू द्यावे, शाई कधी ‘धरते’ आणि कधी कोऱ्या भागावर पसरते, याचे त्यांचे हातचे ज्ञान पक्के होते.

शिळाछापाला सूक्ष्मप्रवाही उपकरणांचा पूर्वज म्हणणे काहींना ओढूनताणून केलेले वाटेल. दगडावर द्रव वाहत नाही, जागच्या जागी राहतो, हा आक्षेप खराच आहे. परंतु नकाशाप्रमाणे भिजणारे व न भिजणारे भाग आखून द्रवाला हद्द घालणे ही मूळ युक्ती येथे पूर्णपणे साध्य झालेली आहे. आजच्या सूक्ष्म उपकरणांवर नक्षी उमटवण्याच्या ‘फोटोलिथोग्राफी’ या प्रक्रियेच्या नावात सेनेफेल्डरचा दगड अजून शिल्लक आहे, हेही विसरता येत नाही.

एका रेणूचा थर

पृष्ठभागाचा स्वभाव हवा तसा बदलायचा असेल तर त्यावर काय बसवावे, या प्रश्नाचे उत्तर एका स्वयंपाकघरातून आले. जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथे राहणाऱ्या आग्नेस पॉकेल्स यांना विद्यापीठीय शिक्षण घेता आले नव्हते. आजारी आईवडिलांची शुश्रूषा आणि घरकाम सांभाळून, १८८० च्या दशकापासून, त्यांनी पत्र्याच्या उथळ तबकात पाणी घेऊन त्यावरील स्निग्ध थर पट्टीने सरकवत पृष्ठताण मोजण्याची पद्धत बसवली. १८९१ च्या जानेवारीत त्यांनी लॉर्ड रॅले यांना जर्मनमधून पत्र लिहिले. रॅले यांच्या पत्नीने त्याचे इंग्रजी भाषांतर केले आणि रॅले यांच्या शिफारशीने ते त्याच वर्षी मार्चमध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले. पॉकेल्स यांच्या तबकाची सुधारित आवृत्ती पुढे अर्व्हिंग लँगम्यूर यांनी वापरली आणि तैलथर एकाच रेणूच्या जाडीचा असतो हे १९१७ मध्ये प्रस्थापित केले. लँगम्यूर यांना १९३२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पॉकेल्स यांना त्याच वर्षी, वयाच्या सत्तराव्या वर्षी, ब्राउनश्वाइगच्या तांत्रिक विद्यापीठाने सन्माननीय डॉक्टरेट दिली. लँगम्यूर यांच्या सहकारी कॅथरीन ब्लॉजेट यांनी १९३० च्या दशकात असे थर पाण्यावरून काचेवर उतरवण्याचे तंत्र विकसित केले. काच तीच राहून तिचा पाण्याशी असलेला व्यवहार बदलता येऊ लागला.

लीड्स, १९४४

पृष्ठभागाची रासायनिक जात आणि त्याची ठेवण या दोहोंवर भिजणे अवलंबून असते. खडबडीतपणाचा परिणाम रॉबर्ट वेन्झेल यांनी १९३६ मध्ये मांडला. १९४४ मध्ये इंग्लंडमधील कॅसी व बॅक्स्टर यांनी सच्छिद्र पृष्ठभागांचे सूत्र दिले : तंतूंच्या मधल्या पोकळीत हवा कोंडून राहिली तर थेंब अंशतः तंतूंवर आणि अंशतः हवेवर टेकतो, आणि म्हणून अधिकच गोळा होतो. बदकाचे पीस पाण्यात का भिजत नाही, याचे स्पष्टीकरण त्यांनी यातून दिले. अळवाच्या पानाचे रहस्यही हेच आहे.

हे काम लीड्स येथील लोकर-उद्योग संशोधन संस्थेत झाले. त्याच संस्थेतून, त्याच वर्षी, कॉन्सडेन, गॉर्डन आणि मार्टिन यांचा कागदी वर्णलेखनावरील निबंध प्रसिद्ध झाला. गाळणकागदाच्या पट्टीवर मिश्रणाचा थेंब ठेवून तिचे टोक द्रावकात बुडवले की द्रावक कागदातून आपोआप चढतो आणि मिश्रणातील घटक कमीजास्त अंतरावर विलग होतात. लोकरीच्या प्रथिनातील अमिनो आम्ले वेगळी करण्यासाठी ही पद्धत हवी होती. मार्टिन आणि त्यांचे पूर्वीचे सहकारी सिंज यांना वर्णलेखनाच्या कामासाठी १९५२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

एकाच छताखाली एक गट धाग्यांना पाणी का लागत नाही याचा, तर दुसरा गट कागदाच्या धाग्यांतून द्रव कसा वाहतो याचा अभ्यास करीत होता. पहिल्याचे सूत्र दुसऱ्याच्या कागदाला लावले असते तर काय झाले असते, हा प्रश्न मोहात पाडणारा आहे. पण इतिहासलेखनाने अशा मोहापासून दूर राहिलेले बरे. दोन्ही निबंध आपापल्या उद्योगाच्या गरजेतून जन्मले आणि आपापल्या वाचकवर्गाकडे गेले, एवढे निश्चित म्हणता येते.

मेणाचे कडे

या इतिहासातील सर्वांत उद्बोधक प्रकरण मात्र याहून आधीचे आणि कमी गाजलेले आहे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रासायनिक विश्लेषणात ‘थेंब-कसोटी’ची पद्धत लोकप्रिय होती. व्हिएन्नाचे फ्रिट्झ फाइग्ल यांनी तिला शास्त्रशुद्ध पाया दिला. गाळणकागदावर तपासायच्या द्रावणाचा एक थेंब आणि अभिकारकाचा एक थेंब टाकायचा आणि उमटणाऱ्या रंगावरून धातू वा क्षार ओळखायचा, अशी ती पद्धत. अल्प खर्चाची आणि जलद, म्हणून महाविद्यालयीन प्रयोगशाळांतही ती रुजली. तिच्यात एक दोष होता. कागदावर थेंब कसाही पसरतो. तेवढाच पदार्थ कधी लहान, गडद डाग देतो, तर कधी मोठा आणि फिकट. त्यामुळे पदार्थ कोणता हे कळते, पण किती हे नीट सांगता येत नाही.

१९३७ मध्ये हर्मन यागोडा यांनी अमेरिकन विश्लेषण-रसायनाच्या नियतकालिकात यावर साधा उपाय मांडला. गाळणकागदावर पॅराफिन मेणाचे गोल कडे उमटवायचे. मेण कागदाच्या जाडीत मुरते आणि तेथील तंतू पाणी घेत नाहीत. आत टाकलेला थेंब कड्यापर्यंत पसरून थांबतो. क्षेत्रफळ ठरलेले असल्यामुळे रंगाच्या गडदपणावरून पदार्थाचे प्रमाण अजमावता येते. सेनेफेल्डरच्या दगडावर जी हद्द दोन द्रवांमध्ये होती ती येथे मोजमापाचे साधन झाली.

बारा वर्षांनी, १९४९ मध्ये, राल्फ म्यूलर आणि डोरिस क्लेग यांनी पुढचे पाऊल टाकले. कागदी वर्णलेखन तेव्हा नुकतेच प्रसार पावत होते, आणि त्याला फार वेळ लागे. कागदातून चढणाऱ्या द्रवाचे अंतर वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, हे लुकास (१९१८) आणि वॉशबर्न (१९२१) यांनी दाखवले होते. दुप्पट अंतराला चौपट वेळ, असा हा हिशेब आहे. म्यूलर व क्लेग यांनी कागदावर मेणाचे बांध घालून अरुंद मार्गिका तयार केली आणि विलगीकरण त्या मार्गिकेतच घडवून आणले. नमुना कमी लागला आणि क्रियाही लवकर झाली. थेंबाला कोंडण्यापासून द्रवाला वाट दाखवण्यापर्यंतचा प्रवास येथे पूर्ण होतो. कागदातील तंतू ओढ निर्माण करतात, मेण दिशा देते, आणि बाहेरून पंपाची गरज उरत नाही. कागदी सूक्ष्मप्रवाही उपकरण म्हणून आज ज्याचे वर्णन केले जाते त्याचे मुख्य घटक येथे हजर आहेत.

यानंतर ही वाट जवळजवळ बंद पडली. त्याची कारणे एकाहून अधिक दिसतात. पहिले कारण वर्णलेखनाच्याच प्रगतीत आहे. १९५२ मध्ये मार्टिन यांनी जेम्स यांच्यासह वायू-वर्णलेखन प्रस्थापित केले, त्याच दशकात पातळ थराचे वर्णलेखन पुढे आले आणि नंतर उच्च दाबाच्या स्तंभांचे युग आले. ज्या पद्धतीला वेगवान करण्यासाठी मेणाचे बांध घातले होते ती पद्धतच मागे पडली. दुसरे कारण वैद्यकीय चाचण्यांच्या रचनेत आहे. १९५६ मध्ये अमेरिकेत बाजारात आलेली लघवीतील साखर ओळखणारी पट्टी नुसती बुडवायची होती. एका पट्टीवर एकच चाचणी असेल तर द्रवाला वाटा फोडून देण्याची गरज पडत नाही. १९८० च्या दशकाअखेर घरगुती गर्भचाचणीची जी पट्टी आली तिच्यातही द्रव केशाकर्षणाने एकाच सरळ दिशेने जातो. तिसरे कारण स्पष्ट शब्दांत क्वचितच सांगितले जाते. कागद आणि मेण ही हलकी, शाळकरी साधने मानली गेली. मोठ्या प्रयोगशाळेची प्रतिष्ठा महागड्या यंत्राशी जोडली जात असताना मेणाच्या कड्याकडे तंत्रज्ञान म्हणून पाहिले गेले नाही, असे म्हणण्यास जागा आहे.

सिलिकॉनची वाट

दरम्यान सूक्ष्म मार्गिकांचे तंत्र अगदी वेगळ्या दिशेने वाढत होते. १९७९ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील टेरी, जर्मन आणि एंजेल यांनी पाच सेंटिमीटर व्यासाच्या सिलिकॉन चकतीवर दीड मीटर लांबीची गुंडाळलेली मार्गिका कोरून वायू-वर्णलेखनाचे उपकरण बनवले. मात्र हे उपकरण वायूचे होते. वायूला भिजवणे न-भिजवणे नसते, त्यामुळे पृष्ठभागाच्या त्या गुणाचा विचार करण्याचे कारण तेथे उद्भवले नाही. १९९० मध्ये बाझल येथे आंद्रेआस मान्झ व सहकाऱ्यांनी संपूर्ण रासायनिक विश्लेषण एका लहान उपकरणात सामावण्याची संकल्पना मांडली. त्यानंतरच्या काचेच्या उपकरणांत द्रव मुख्यतः विद्युत्‌दाबाने हलवला जाई, आणि मार्ग कोरलेल्या भिंतींनी ठरे. भिंत कोरता येते तोवर ती रसायनाने घडवण्याची निकड भासत नाही.

पृष्ठभागाचा प्रश्न ऐरणीवर आला तो साहित्य बदलल्यावर. १९९८ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाने पीडीएमएस या पारदर्शक सिलिकॉन-रबराच्या साच्यातून सूक्ष्म मार्गिका झटपट बनवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. ती स्वस्त होती आणि लवकरच सर्वत्र पोहोचली. या रबराचा पाण्याशी स्पर्शकोन सुमारे ११० अंश असतो, म्हणजे मेणासारखाच. त्यामुळे पाणी आपणहून आत शिरत नाही, आणि शिरले तरी बुडबुडे अडकतात. प्लाझ्माची प्रक्रिया केली की पृष्ठभाग जलस्नेही होतो, पण हवेत ठेवल्यास काही तासांत वा दिवसांत मूळ स्वभावावर जातो. जो गुण आतापर्यंत दुर्लक्षणीय होता तो आता रोजची अडचण बनला.

चढावरचे पाणी आणि अदृश्य भिंत

अडचणीचे साधन करण्याची तयारी एव्हाना झालेली होती. ब्लॉजेट यांच्या थराला यांत्रिक कौशल्य लागे. १९८० मध्ये इस्रायलमधील याकोब सागिव यांनी काचेसारख्या पृष्ठभागावर सिलेन वर्गाचे रेणू आपोआप रांगेने बसतात व रासायनिक बंधाने धरून राहतात, हे दाखवले. अशा थरांची नक्षी रबरी शिक्क्याने उमटवण्याची युक्ती १९९३ मध्ये अमित कुमार आणि व्हाइटसाइड्स यांनी प्रसिद्ध केली. ‘शाई’ आणि ‘शिक्का’ हे छापखान्याचे शब्द रसायनशास्त्रात असे परत आले.

त्याच्या एक वर्ष आधी मनोज चौधुरी आणि व्हाइटसाइड्स यांनी केलेला प्रयोग सोपा असूनही चकित करणारा होता. सिलिकॉनच्या तुकड्यावर एका टोकाला जलविरोधी आणि दुसऱ्या टोकाकडे क्रमाक्रमाने जलस्नेही होत जाणारा थर त्यांनी बसवला. तुकडा १५ अंशांनी कलता ठेवून एकदोन मायक्रोलिटरचा थेंब खालच्या, जलविरोधी टोकाशी सोडला. थेंब सेकंदाला एकदोन मिलिमीटर वेगाने चढ चढून गेला. थेंबाच्या दोन बाजूंच्या स्पर्शकोनांतील फरक गुरुत्वावर मात करतो, एवढेच त्यातील तत्त्व. १९९९ मध्ये हेरमिंगहाउस, लिपोव्स्की आदी जर्मन संशोधकांनी सपाट पृष्ठभागावरील जलस्नेही पट्ट्यांवर पाण्याच्या धारा तयार केल्या आणि एका मर्यादेपलीकडे पाणी साचले की धार फुगून एके ठिकाणी गोळा होते, हेही निदर्शनास आणले. भिंत नसलेल्या मार्गाला सोशिकपणाची मर्यादा असते, ती येथे प्रथमच स्पष्ट झाली.

२००१ चा निबंध या पार्श्वभूमीवर वाचला पाहिजे. झाओ, मूर आणि बीब यांचे यश दोन गोष्टींत होते. पहिली, नक्षी बंद मार्गिकेच्या आत उमटवणे. सूक्ष्म मार्गिकेत प्रवाह इतका शांत असतो की दोन धारा शेजारून वाहूनही मिसळत नाहीत. ज्या धारेत सिलेन आहे तिच्या खालचा व वरचा पृष्ठभाग जलविरोधी झाला, आणि ज्या शेजारच्या धारेत नुसताच द्रावक होता तेथील काच जलस्नेही राहिली. प्रवाहाने स्वतःच पुढच्या प्रवाहाचा नकाशा काढला. जेथे ही रीत पुरत नव्हती तेथे प्रकाशाने नक्षी काढण्यात आली.

दुसरी गोष्ट म्हणजे मर्यादेचा हिशेब. पाणी जलविरोधी भागात किती दाबापर्यंत शिरणार नाही, हे द्रवाचा पृष्ठताण, तेथील स्पर्शकोन आणि मार्गिकेची उंची यांवरून काढता येते. उदाहरणादाखल, उंची १०० मायक्रोमीटर आणि कोन ११२ अंश धरल्यास शुद्ध पाण्यासाठी हा दाब सुमारे ५४० पास्कल येतो, म्हणजे साडेपाच सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाइतका. उंची निम्मी केली तर बांध दुप्पट बळकट होतो. दाब याहून वाढला की पाणी बांध ओलांडते, आणि संशोधकांनी या फुटण्याचाच उपयोग करून घेतला. वेगवेगळ्या कोनाचे पट्टे आखून त्यांनी दाबानुसार उघडणारी दारे बनवली. बाजूला भिंत नसल्यामुळे द्रव आणि वायू यांचा संपर्क-पृष्ठ मोठा राहतो, म्हणून द्रव व वायू यांची अभिक्रियाही तेथे घडवून दाखवण्यात आली. यागोडा यांच्या कड्यात थेंब केवळ थांबत होता. येथे कुठे थांबावे आणि किती दाबाला सोडावे, हे दोन्ही आधी लिहून ठेवता आले. हा फरक लहान नाही, आणि म्हणूनच २००१ ची थोरवी मेणाच्या कड्याच्या आठवणीने कमी होत नाही.

कागदाकडे परत

सहा वर्षांनी, २००७ मध्ये, हार्वर्डच्याच गटातून अँड्रेस मार्टिनेझ, स्कॉट फिलिप्स, मनीष बुटे आणि व्हाइटसाइड्स यांचा निबंध आला. वर्णलेखनाच्या कागदात जलविरोधी बहुवारिकाचे बांध प्रकाशाच्या साहाय्याने उमटवून झाडाच्या फांद्यांसारख्या मार्गिका त्यांनी तयार केल्या. एका टोकाने पाच मायक्रोलिटर कृत्रिम लघवी शोषली जाते, वाटा फुटतात आणि एका फांदीच्या टोकाशी साखरेची, दुसऱ्याशी प्रथिनाची रंगचाचणी होते. पंप, वीज आणि प्रशिक्षित तंत्रज्ञ यांची गरज नाही. दवाखान्यापासून दूर राहणाऱ्या, गरीब देशांतील माणसांसाठी ही साधने हवीत, असा उद्देश निबंधात स्पष्टपणे नोंदलेला होता.

१९४९ आणि २००७ यांत काय बदलले, हे येथे दिसते. कागद तोच होता. केशाकर्षणाचा नियमही तोच होता. बदलली ती गरज. अनेक चाचण्या एकाच थेंबावर, कोठेही, अगदी अल्प खर्चात करण्याची निकड सार्वजनिक आरोग्याच्या चर्चेत आता मध्यवर्ती झाली होती, आणि ती निकड असलेल्या वाचकाला मेणाच्या मार्गिकेचा अर्थ चटकन कळला. सिलिकॉन, काच आणि रबर यांच्या वाटेने पुष्कळ चालल्यावर कागदाचा साधेपणा हा दोष न राहता गुण ठरला. यागोडा आणि म्यूलर-क्लेग यांची नावे यानंतरच्या आढावा-लेखांतून येऊ लागली. पूर्वसूरींचा शोध पुष्कळदा वंशज जन्मल्यावर सुरू होतो, याचे हे उदाहरण आहे. संदर्भ शोधताना वीस वर्षांपलीकडे न जाण्याची जी सवय सर्वत्र दिसते तिलाही या विस्मरणाचा काही वाटा द्यावा लागेल.

केशाकर्षणावर चालणाऱ्या पट्ट्यांचा परिचय पुढे सर्वसामान्यांना कोविडच्या साथीत झाला. मे २०२१ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने घरच्या घरी करण्याच्या ज्या पहिल्या चाचणीला मान्यता दिली ती पुण्याच्या मायलॅब या कंपनीची होती. तिच्यातही नमुना पट्टीतून आपोआपच पुढे सरकतो आणि रेघेशी येऊन उत्तर देतो.

२००७ च्या पद्धतीतील प्रकाशसंवेदी बहुवारिक महाग होते. २००९ मध्ये हार्वर्डमधील आणि चीनमधील गटांनी स्वतंत्रपणे त्याऐवजी मेणच वापरले. कार्यालयांत रंगीत छपाईसाठी मिळणाऱ्या, घन मेणाची शाई वापरणाऱ्या छापयंत्रातून कागदावर बांधांच्या रेघा छापायच्या आणि कागद तापलेल्या तव्यासारख्या पट्टीवर ठेवायचा. मेण वितळून कागदाच्या पूर्ण जाडीत उतरते. ते थोडे आजूबाजूलाही पसरते, म्हणून आखणी करतानाच मार्गिका जरा रुंद ठेवावी लागते. जगभरातील शेकडो प्रयोगशाळांनी ही रीत उचलली. पुढे त्या जातीची छापयंत्रे बाजारातून मागे घेण्यात आली, आणि ज्यांच्याकडे ती होती त्यांना शाईच्या कांड्या मिळेनाशा झाल्या. तेव्हापासून पर्याय म्हणून मेणाचे खडू, जाळीदार पडद्यातून दाबलेले मेण आणि वितळलेल्या मेणात बुडवलेले धातूचे शिक्के वापरून पाहिले जात आहेत. यांतील शेवटची रीत १९३७ च्या कड्यापासून फारशी दूर नाही.